सुताराचे वीस दिवस

आमच्या नाटक कंपनीचा सुतार म्हणजे हाताला यश असलेला माणूस. त्याने उभारलेल्या जिन्यावरून मी राजा होऊन उतरलो, भिकारी होऊन चढलो. कधी पायरी करकरली नाही. टाळ्या आम्ही घेतल्या. तो विंगेत, दातांत खिळे धरून उभा.

मागच्या महिन्यात त्याच्या बायकोचा फोन आला. "भावजी, लगेच या. आणि चेहऱ्याला रंग न लावता या."

गेलो. टेबलावर तपासणीचे कागद पसरलेले. सुताराला हिपॅटायटिस सी, रक्तातून पसरणारी कावीळ, आणि यकृतावर सूज.

"डॉक्टरांनी विचारलं, नशेची सुई घ्यायचा का, बाहेर कुणाशी संबंध होते का," वहिनी म्हणाल्या. "मला दौऱ्यावरचे ते वीस दिवस आठवले. तीस वर्षांपूर्वीचे. 'प्रयोग वाढले' असं पत्र आलं होतं. अक्षर तुमचं होतं."

त्या दौऱ्यात नेपथ्याच्या माडीवरून कोसळून सुताराची मांडी फाटली होती. रक्त चढवावं लागलं. या आजारासाठी रक्त तपासायची सोय तेव्हा तिथे नव्हती. इकडे वहिनींचे दिवस भरत आलेले. त्या घाबरतील, वर दौरेही बंद करतील, म्हणून त्याने माझ्याकडून ते पत्र लिहवून घेतलं. परतल्यावर मांडीवरच्या व्रणाबद्दल घरी सांगितलं, खिळा लागला.

मी सगळं ओकलो. वहिनी म्हणाल्या, "छान. आवाज कुठे कापरा करायचा ते अजून जमतं तुम्हाला."

"वहिनी, शपथ घेतो."

"शपथा तुम्ही रोज घ्यायचात. तिकीट लावून."

मग मला गॅलरीत उभं करून त्यांनी दार लावलं आणि सुताराची उलटतपासणी घेतली. नंतर तो गॅलरीत, मी आत. कुठला पाय? उजवा. शेजारच्या खाटेवर कोण? घोरणारा पोस्टमन. रक्ताच्या बाटल्या किती?

"तीन," मी छातीठोकपणे म्हणालो.

"हे दोन म्हणाले."

संपलं, मला वाटलं. तेवढ्यात सुतार दार ढकलून आत आला, तो माझ्यावरच उखडला. "तीन कुठल्या रे? दोनच होत्या!"

"तू शुद्धीवर तरी होतास का? तिसरी मी धावत जाऊन आणली, गाढवा!"

आम्ही हमरीतुमरीवर आलो. वहिनींनी हात वर करून आम्हाला थांबवलं.

"पाठ करून आला असतात," त्या हळूच म्हणाल्या, "तर आकडा एकच आला असता."

त्या खुर्चीत बसल्या. मग सुताराकडे वळून कडाडल्या, "तिथे मरत होतात, आणि मला पत्र पाठवत होतात? अजून काय काय लपवलंय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचंही रक्त तपासून घेतलं. काही निघालं नाही. सुताराला बारा आठवड्यांच्या गोळ्या दिल्यात. डॉक्टर म्हणतात, बरा होईल. रोज सकाळी वहिनी समोर बसून गोळी देतात, आणि त्याने गिळली की टॉर्च घेऊन म्हणतात, "आ करा. जीभ उचला."