पुदिन्याचे शेंडे

मामांच्या पोटात दुखायला लागलं ते जहाज निघाल्याच्या नवव्या दिवशी, आणि जहाजावरच्या डॉक्टरकडे त्या दुखण्यावर गोळी नव्हती.

मामा म्हणजे जहाजाचं कोठार सांभाळणारे. जहाज ध्रुवाकडच्या संशोधन तळावर वर्षाचा शिधा पोचवायचं. त्यातली अंडी ही मामांची खास जोखीम. इतक्या लांबच्या प्रवासात अंडी टिकवायची तर रोज उलटी करावी लागतात, नाहीतर बलक कवचाला चिकटून बसतो. जहाज डोलतंय, बोटं गारठलीत, तरी मामा रोज शंभर ट्रे उलटे करायचे. का? तर तळावरची माणसं दहा महिने डबाबंद खाऊन विटलेली असत, आणि शिडीवरून जी ताजी वस्तू पहिली उतरेल तिला टाळ्या पडत. अकरा वर्षं त्या टाळ्या मामांच्या अंड्यांना पडत होत्या. घरी मामींना त्या टाळ्यांचं वर्णन तोंडपाठ झालं होतं.

यंदा नवी स्वयंपाकीण आली आणि सोबत पुदिन्याची कुंडी घेऊन आली. स्वयंपाकघरात दिव्याखाली ठेवली. कप्तानसाहेबांनी एकदा वास घेतला आणि म्हणाले, "यंदा आधी ही कुंडी उतरवायची. हिरवं पान बघून लोक रडतील!"

झालं! मामांच्या अंगाचा तिळपापड झाला. कालची पोर, आणि मान तिला? पुदिना म्हणजे काय हो, गवतच की! त्याला रोज उलटं करावं लागतं का?

मग ती ताटं मांडायला गेली की मामा मीठ मागायच्या निमित्ताने आत शिरायचे आणि पटापट शेंडे खुडून खिशात घालायचे. मुळासकट उपटायची मात्र छाती होईना. चोरी करायची, तीही भीतभीत! आणि तो निर्लज्ज पुदिना? एक शेंडा खुडला की तिथे दोन फुटायचे. मामा आणखी खुडायचे. बर्फ दिसेपर्यंत कुंडी गच्च भरली होती आणि मामांचं जेवण निम्म्यावर आलं होतं.

तळ आला. खाली माणसं रांगेत उभी होती. स्वयंपाकिणीने कुंडी उचलली, सरळ मामांपाशी आली आणि त्यांच्या हातात ठेवली.

"मामा, तुम्ही न्या."

"मी? मी कशाला?"

"मी नुसतं पाणी घातलं. शेंडे तुम्ही खुडलेत. खुडला की पुदिना दाट होतो, मला कुठे ठाऊक होतं!"

मामांनी कुंडी छातीशी धरली. "तुला कुणी सांगितलं?"

"रोज ताट पुढे करता ना, तेव्हा बोटांना वास येतो," ती हळूच म्हणाली. "आधी फार राग आला होता. मग झाड बघितलं."

मामा शिडी उतरले. टाळ्यांचा नुसता कडकडाट! पांढऱ्या दाढीच्या एका शास्त्रज्ञाने पानांत तोंड खुपसलं, ते बराच वेळ वर काढलंच नाही. मग डोळे पुसत त्याने विचारलं, "कुणी वाढवला हो?"

"तिने," मामा वर बोट दाखवत म्हणाले. "मी नुसता जळत होतो."

लोकांना वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. सगळे खो खो हसले आणि पुन्हा टाळ्या पिटू लागले. अकरा वर्षांत मामांना इतक्या टाळ्या कधी पडल्या नव्हत्या, आणि त्यातली एकही घरी जाऊन मामींना सांगता येणार नव्हती.