नवसाचा गूळ

दिंडोरीजवळच्या एका गावात मी अंगणवाडी चालवायचे. तिथल्या आज्या माझ्यापेक्षा माझ्या वजनकाट्याला जास्त घाबरायच्या. पोराचं वजन केलं की नजर लागते, असं त्यांचं ठाम मत. एक आजी तर नातवाला पदराखाली झाकून माझ्या दारावरून जायची. मी पोरं पळवणारी बाई असल्यासारखी!

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, द्राक्षांच्या छाटणीच्या दिवसांत, त्या नातवाला हिवताप झाला. दीड वर्षाचं पोर, मुळातच काटकुळं. आई-बाप दिवसभर बागेत, पोर आजीच्या मांडीवर. दवाखान्यातल्या कडू गोळ्यांनी ताप उतरला, पण मागे उरल्या नुसत्या बरगड्या. अशी अशक्त पोरं पुन्हा ताप आला की हातची जातात, हे मी पाहिलेलं होतं.

आजी मात्र खुशीत होती. ताप उतरला तर नातवाची गुळाने तुला करीन, असा नवस ती गावदेवीला बोलली होती, आणि येत्या मंगळवारीच तो फेडायचा होता.

"आजी, एवढ्याशा पोराच्या भाराइतका गूळ?" मी म्हटलं. "देवीची बोळवण ढेपेच्या कोपऱ्यावर करता होय? लय चिक्कू बाई तुम्ही!"

"मी चिक्कू?" आजी भडकली. "देवीला फसवीन व्हय मी?"

"मग पोराच्या अंगावर मांस चढू द्या. तोवर थांबा."

आजी पुटपुटत गेली, पण बोलणं वर्मी लागलं होतं. दुसऱ्या दिवसापासून पोराच्या भातात तूप पडू लागलं, वरणात शेंगदाण्याचा कूट. अंगणवाडीतून मिळणारी सुकडी आजवर आजोबा चहाबरोबर संपवायचे. आजीने डबाच उचलून ठेवला. "ह्यो देवीचा वाटा हाय," म्हणाली. आजोबा बिचारे नुसत्या चहावर आले.

आणि एके सकाळी आजी नातवाला घेऊन माझ्या काट्यापुढे हजर. "बघ गं बाई, कितीक भरतंय."

"आणि नजर?"

"देवाच्या कामाला कसली नजर?" माझ्याच अडाणीपणाची कीव आल्यासारखं तिने पाहिलं. मग दर महिन्याला ती येत राहिली. काटा जरा पुढे सरकला की तिच्याआधी मलाच हुश्श व्हायचं.

चैत्रात तुला झाली. वाण्याचा मोठा तराजू देवळात टांगला. एका पारड्यात पोर, दुसऱ्यात गूळ. सगळा गूळ चढवला तरी पोराचं पारडं खालीच! आजोबांना आणखी गूळ आणायला पिटाळलं.

तेवढ्यात पोराने हात लांबवला, देवीच्या गुळाचा खडा उचलला आणि तोंडात टाकला. नैवेद्याआधीच! एक बाई तो काढून घ्यायला धावली. आजीने तिचा हात धरला.

"खाऊ दे त्याला. देवी काय उपाशी हाय?"

आजीचे डोळे भरून आले होते. सगळ्यांदेखत तिने गुळाचा आणखी एक खडा फोडला आणि त्याच्या हातावर ठेवला.