पोलिसांची वाट

समोरच्या घरातले भाऊ आज सकाळपासून तयार होऊन ओट्यावर बसले आहेत. गळ्यात भगवं उपरणं, मांडीवर टॉवेल आणि औषधाच्या गोळ्यांची पिशवी. गावात मंत्री येणार म्हटलं की पोलीस सकाळीच भाऊंना उचलून नेतात, मंत्री गेले की आणून सोडतात. कधी देवळासाठी, कधी गाईंसाठी आंदोलनं करत पाण्याच्या टाकीवर चढण्यात आणि कचेरीसमोर अंगावर रॉकेल ओतून घेण्यात त्यांचं आयुष्य गेलं. पोलिसांनी दंड धरला की ते अंग सैल सोडायचे. मग त्यांना उचलायला चौघे लागायचे.

आज मात्र कोणी आलं नाही.

"येतील. बंदोबस्तात अडकले असतील," भाऊ मला म्हणाले. वहिनींनी पोलिसांसाठी टाकलेला चहा दोनदा गरम करून झाला होता.

मला त्यांची मतं कधी पटली नाहीत. काडी ओढायच्या आत दर वेळी कोणीतरी त्यांचा हात धरायचंच, याचं हसूही यायचं. आज नाही आलं. घरातल्या भांडणात मीही टोकाचं बोलतो, ते कोणीतरी अडवेल या भरवशावरच. अडवणारेच यायचे थांबले, तर माणसाने काय करायचं?

दुपारी सायरन वाजवत मंत्र्यांच्या गाड्या हमरस्त्याने निघून गेल्या. भाऊ तसेच बसून होते. शेवटी वहिनी बाहेर आल्या.

"चला, चार घास खाऊन घ्या," म्हणत त्यांनी भाऊंचा दंड धरला.

भाऊंनी अंग सैल सोडलं नाही. उठले आणि आत गेले.