पप्पांनी वाचलेला एक्स-रे

मंडळी, दुपारपासून एकटीच हसतेय, म्हणून सांगून टाकते.

मी दीर्घिकांच्या, म्हणजे गॅलेक्सींच्या, समूहांवर पीएचडी करते. या समूहांमध्ये भयंकर तापलेला वायू असतो आणि तो एक्स-रे दुर्बिणीतूनच दिसतो. सकाळी जोगेश्वरीच्या घरी लॅपटॉपवर असाच एक फोटो उघडला होता. पप्पा चहा घेऊन मागे उभे. ते हॉस्पिटलमधून रिटायर झालेले एक्स-रे टेक्निशियन.

"हे चमकतंय ते काय, हाड?"

"नाही पप्पा, गरम वायू. तो स्वतःच चमकतो."

त्यांनी ट्यूबलाइट बंद केली. "हे रंग काढ. काळं-पांढरं कर."

मग फुप्फुसं बघावीत तसं डावं-उजवं ताडून पाहिलं. "डावीकडे पोकळी आहे. उजवीकडेही आहे, फिकट."

डावीकडची मला माहीत होती. मधल्या कृष्णविवरातून दोन्ही बाजूंना सुटणाऱ्या झोतांमुळे वायूत अशा पोकळ्या बहुतेक जोडीने होतात, म्हणून दुसरी मी दोन महिने शोधत होते. दुपारी नीट मोजून पाहिलं. आहे यार.

"पप्पा, तुम्हाला एवढं कळतं?"

"दिसायचं गं सगळं. पण पेशंटने विचारलं की म्हणायचं, डॉक्टर सांगतील."

आज रिपोर्ट त्यांनीच दिला.