डाव्या हाताखालचा गणपती

मला गाडी मागे घेता येत नाही, असं आमच्या गल्लीत एका शुक्रवारी सकाळी ठरलं. ठरवणाऱ्यांपैकी एकालाही चारचाकी चालवता येत नाही, पण ते राहू द्या. निमित्त झालं गणपतीचं. त्याचा बिचाऱ्याचा दोष नाही, हे आधीच सांगते. दोष माझ्या मुलाचा.

झालं असं, की माझ्या गाडीच्या गिअरची मूठ जुनी झाली होती. वरचं कातडं सोलून गेलं, खालचं प्लास्टिक तडकलं आणि तळव्याला टोचायला लागलं. मी तिच्यावर जुन्या सुती साडीची पट्टी गुंडाळली, दोऱ्याने शिवून टाकली आणि मजेत चालवत होते. दर शुक्रवारी मला तंजावूरहून पापनाशम गावाच्या पुढे जायचं असतं. माझी थोरली बहीण तिथे एका खेड्यात एकटी राहते. कालव्याच्या कडेने तिच्या दारापर्यंत बस जात नाही, आणि गुडघ्यांमुळे तिला बसपर्यंत येता येत नाही. तिचं सामान, तिची औषधं, आणि खरं म्हणजे तिच्याशी बोलायला माणूस, हे सगळं माझ्या गाडीतून जातं. माझी गाडी थांबली की अक्काचं सगळंच थांबलं.

मुलगा चेन्नईहून सुट्टीला आला आणि त्याला त्या चिंधीची लाज वाटली. मला न विचारता फोनवरून नवी मूठ मागवली. आली ती पेरूएवढी, काचेसारखी पारदर्शक, आणि आत सोनेरी गणपती बसलेला.

"बघ अम्मा, विघ्नहर्ता! कायम तुझ्या हाताखाली."

"अरे, देवाला हाताखाली ठेवतात का? आणि कोणत्या हाताखाली, ते बघितलंस?"

त्याने आपले हात बघितले. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे गिअर डाव्या हाताला. ज्या हाताने आम्ही प्रसाद घेत नाही, कुणाला विडा देत नाही, तो हात सारखा गणपतीच्या डोक्यावर. वर त्यालाच धरून पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात ढकलायचं!

"देव असलं मनावर घेत नाही, अम्मा."

"तो घेत नसेल. मी घेते."

आमचे हे पेपरामागून म्हणाले, "तंजावूरच्या उन्हात अभिषेक तरी रोज होईल, घामाचा."

पोराने मूठ बसवली, तीन बारीक स्क्रू पिळले, आणि दुसऱ्या दिवशी रेल्वेने चेन्नईला निघून गेला. मीही म्हटलं, एवढ्या प्रेमाने आणलीय. हात आणि देव यांच्यामध्ये धुतलेला रुमाल ठेवला आणि शुक्रवारी निघाले.

राजवाड्यामागची आमची गल्ली म्हणजे एका वेळी एकच गाडी. समोरून पाण्याच्या कॅनचा टेम्पो आला. त्याच्या मागे रिक्षा, रिक्षामागे स्कूटर. मीच मागे घ्यायला हवी होती. माझ्या गाडीत मुठीखाली एक कडं आहे. ते दोन बोटांनी वर उचलायचं, तेव्हा रिव्हर्स पडतो. मी उचलायला गेले तर कडं जागचं हलेना. गणपतीची बैठक बरोबर त्याच्यावर टेकलेली. उचलणार कसं?

पण हे मला नंतर, डोकं थंड झाल्यावर कळलं. तेव्हा मी नुसती खटपट करत होते, आणि गल्ली बाहेर आली होती.

"पाट्टी, क्लच पूर्ण दाबा!" पाट्टी म्हणजे तमिळमध्ये आजी. मला कोणी आजी म्हटलं त्याचं काही नाही, पण क्लच? ज्या वर्षी हा स्कूटरवाला जन्मला असेल, त्याच्याही आधीपासून मी क्लच दाबतेय!

"वय झालं की मान वळत नाही हो," समोरची बाई तिच्या सुनेला सांगत होती, मला ऐकू जाईल अशी.

शेवटी चौघांनी मिळून गाडी मागे ढकलली. मी आत बसलेली, हातात स्टिअरिंग, वरातीतल्या नवऱ्यासारखी.

अर्ध्या तासात मुलाचा फोन. त्याच समोरच्या बाईने कळवलेलं. "अम्मा, आता पुरे. मी ड्रायव्हर बघतो."

"मूठ तुझी, नि निवृत्त मी? तुझा गणपती कड्यावर बसलाय. रिव्हर्स पडत नाही."

"असं कसं? ती युनिव्हर्सल आहे, सगळ्या गाड्यांना बसते."

"बसते रे. माझ्या गाडीत तर अशी बसली की उठतच नाही." फोन ठेवून दिला. अक्काकडे जाणं त्या दिवशी राहिलंच.

बरं झालं, जुनी मूठ त्याने कचऱ्यात टाकली होती ती मी उचलून ठेवली होती. ती पिशवीत घालून, ह्यांना सोबत घेऊन, रिक्षाने स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. दुकानदाराने ह्यांच्याकडे बघून विचारलं, "सांगा सार, कुठली गाडी?"

मी गाडी सांगितली. त्याने ह्यांना विचारलं, "किती जुनी, सार?"

मी सांगितलं. त्याने ह्यांच्यासमोर एक चकचकीत स्टीलची मूठ ठेवली. "सार, ही धरून बघा."

हे म्हणाले, "मला काय दाखवताय? मी डावीकडे बसणारा माणूस आहे."

तेव्हा कुठे त्या माणसाने माझ्याकडे मान वळवली, आणि म्हणाला, "अस्सं! मग लेडीज डिझाइन दाखवतो." गुलाबी. आत चमचम. मी दोन्ही मुठी बाजूला सारल्या. दुपारी मोठ्या देवळाबाहेर तासभर गाडी उभी राहिली तर त्या स्टीलवर डोसा होईल. जुनी मूठ काढून काउंटरवर ठेवली आणि सांगितलं, "आटे हेच हवेत. खालून कड्याला वर यायला जागा हवी. आणि आत देव नको." तो सारखा ह्यांच्याकडेच बघत होता, पण काढून दिली एकदाची. काळी, साधी, हातात मावणारी.

घरी येऊन मीच बसवली. पूर्ण पिळली की वरचा गिअरचा नकाशा तिरका यायचा, पहिला गिअर जिथे असतो तिथे तिसरा. दुकानदार फोनवर म्हणाला, "चालेल की." का चालेल? नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप मी आट्यांवर दोन वेढे दिली. मग नकाशा सरळ आला तिथेच मूठ घट्ट झाली. दोन बोटांनी कडं उचललं. खट्. रिव्हर्स.

गणपती देवघरात गेला. उलटा ठेवला तर खालच्या भोकात अगरबत्ती छान उभी राहते, असं हे म्हणाले. त्यांना मी बोलले ते इथे लिहीत नाही. आता त्याला उजव्या हाताने फूल वाहते.

पुढच्या शुक्रवारी ह्यांना डावीकडे बसवलं आणि आमच्या दारापासून मोठ्या रस्त्यापर्यंत अख्खी गल्ली मी उलटी पार केली. मुद्दाम. प्रत्येक दाराशी हॉर्न देत. ढकलायला जी डोकी गोळा झाली होती, त्यातलं एकही बाहेर आलं नाही! समोरच्या बाईची खिडकीसुद्धा बंद.

पापनाशमच्या पुढे पोचले, तर अक्का ओसरीवर वाट बघत बसलेली. मला बघून पहिलं काय म्हणाली? "काय गं, तुला आता मागे घेता येत नाही म्हणे? तुझ्या पोराचा फोन होता."

मी पिशव्या उतरवल्याच नाहीत. तिला धरून मागच्या सीटवर बसवलं, आणि कालव्याच्या कडेने तिच्या दारापासून नारळीच्या बागेपर्यंत गाडी रिव्हर्समध्ये नेली. एकदाही न थांबता. "आता बोल," म्हटलं.

अक्का? सगळा वेळ डोळे गच्च मिटून रामनाम घेत होती. म्हणजे साक्षीदार अजूनही एकच. डावीकडे बसणारा.