पाडव्याचं पांढरं आसव

मावशी गेल्याचं मला दारव्ह्याच्या गाडीच्या कंडक्टरनं सांगितलं. "वैद्यांच्या घरच्या बाई गेल्या," एवढंच म्हणाला, अन् मी बाजाराची पिशवी घेऊन तशीच त्याच्या गाडीत बसले. महिना होत आला, पण अजून पोळ्या लाटताना मधेच रडू येतं... येऊ दे मेलं.

ही माझी मावशी म्हणजे दारव्ह्याच्या वैद्यकाकांची बायको. काकांची औषधं सगळी काळी अन् कडू. पण विदर्भ मुंबई राज्यात गेला त्या साली उमरखेडकडच्या एका रोग्यानं हिरव्या द्राक्षांची पाटी आणून दिली, अन् काकांना लहर आली. गुळाऐवजी खडीसाखर घालून त्यांनी पांढरं द्राक्षासव केलं, बाटल्यांत भरलं, बुचांवर मेण ओतलं. आता ते मुरलं केव्हा, हे कळायला जीभ हवी. काकांची जीभ तंबाखूनं पार बधिर झालेली! म्हणून दर पाडव्याला ओवाळणं झालं की दवाखान्याला कडी लागायची, एक बाटली उघडायची, अन् दोघं परसातल्या बाजेवर बसायची. मावशी चमचाभर आसव तोंडात धरून डोळे मिटायची.

"सांग ना वं! कायले ताणून राह्यली?"

"थांबा जरासे. आंबटपणा गेला, मधासारखा वास येऊन राह्यला. पण मुरलं नाही अजून."

एरवी रोग्यांच्या गराड्यातून दोन शब्द बोलायला न मिळणारा नवरा त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत तिचा असायचा. महाराष्ट्र झाला, माझी पोरं शाळेत जाऊ लागली, आसव काही मुरेना. मी चिडवायची, "मावशी, आता माझ्या नातवंडांच्या बारशालाच काढ ते!" ती नुसती हसायची.

यंदा आमच्यात दिवाळी नव्हती. तरी पाडव्याला मी दारव्ह्याला गेले. मावशी गेली त्या दिवसापासून काकांनी तंबाखूला हात लावला नव्हता. "जीभ जागी व्हायले पाहिजे," म्हणाले. एकच बाटली उरली होती. ती उघडून त्यांनी चमचा तोंडाला लावला, अन् मावशीसारखे डोळे मिटले...

"हे तर उतरलं, पोरी. दोन-तीन सालांआधीच प्यायले पाहिजे होतं. तिले कळलं नसन काय?"

"कळलं होतं, काका," मला राहवलं नाही. "पण मुरलं म्हणून सांगितलं असतं, तर पुढच्या पाडव्याला तुम्ही तिच्याजवळ बसले असते काय?"

तेवढ्यात दवाखान्याच्या दारातून कुणीतरी हाक मारली.

"आज बंद हाये!" काका परसातूनच ओरडले, अन् बाजेवर बसून राहिले.