गुलाबी तळ्याचे मावसा

माझ्या मावशीच्या यजमानांइतका धडधडीत खोटं बोलणारा सज्जन माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात सापडायचा नाही. शिरूर कासारच्या पलीकडे त्यांच्या गावामागं एक खारट तळं आहे. पावसाळाभर ते हिरवं असतं आणि पाणी आटू लागलं की आठवडाभरात चक्क गुलाबी होतं. कशामुळे, ते कुणालाच ठाऊक नाही. फक्त मावसांना ठाऊक आहे, आणि तेही रोज वेगळं. चौसाळ्याच्या पाहुण्यांना त्यांनी सांगितलं, की एका नवरीनं रुसून इथं कुंकवाचा करंडा फेकला. फोटो काढायला आलेल्या पोरींना सांगितलं, की निजामाचा हत्ती पान खाऊन इथं चूळ भरायचा. एक प्राध्यापक तपासणीसाठी बाटलीत पाणी न्यायला आले, तर मावसांनी त्यांना झाकण सैल ठेवायला लावलं. "लई कोंडलं तर पाणी कावतंय, सायेब." ते बिचारे बीडपर्यंत बाटली मांडीवर सांभाळत गेले म्हणे. "ह्यांच्या तोंडाला कुलूप न्हाई," असं मावशी म्हणायची, पण चहा ठेवताना तिचा कान ओसरीकडेच असायचा.

त्यांची एक थाप मात्र हाताबाहेर गेली. ऊसतोडीला निघालेल्यांना एका साली ते सहज बोलून गेले, "तळं गुलाबी बघून निघालेला माणूस धडधाकट माघारी येतोय." झालं! तेव्हापासून गावातली प्रत्येक टोळी आधी तळ्यावर जाते, पाणी बघते, नारळ फोडते आणि मगच ट्रकमध्ये चढते.

गेल्या साली पाऊस लांबला. मी तेव्हा तिथंच होतो. ट्रक दारात आला तरी तळं हिरवंगार. त्या टोळीत मावसांची एकुलती एक लेक आणि जावई होते. लेकीची ही पहिलीच तोड. ती तळ्याकाठी गाठोड्यावर बसली आणि म्हणाली, "हिरव्यात न्हाई निघायची मी." तिचं बघून बाकीच्या बायकाही बसल्या. मुकादम हॉर्नवर हॉर्न वाजवतोय आणि इकडे मावसा घामाघूम. शेवटी त्यांनी कबूल केलं, "अगं, ती गोष्ट मीच रचलती." माणूस जन्मात पहिल्यांदा खरं बोलला, तर एकाचाही विश्वास बसेना. टोळीतला एक म्हातारा तर त्यांच्यावरच खेकसला, "काय बी सांगतोस रं. माझ्या आज्यानं सांगितल्याली गोष्ट हाय ती."

मग मावसा घराकडे पळाले. नारायणगडच्या जत्रेतून आणलेला गुलाल घेऊन आले, धोतर खोचून गुडघाभर पाण्यात शिरले आणि सगळ्यांदेखत पिशवी उलटी केली. काठचं हातभर पाणी गुलाबी झालं आणि मावसा त्याहून जास्त. अख्खी टोळी पोट धरधरून हसली. मी तर हसता हसता खालीच बसलो. लेकही हसली, पदरानं डोळे पुसत उठली. "दिसलं आबा, गुलाबी. निघते," म्हणाली आणि ट्रकमध्ये चढली.

दिवाळीनंतर मी पुन्हा गेलो, तेव्हा तळं खरोखरच गुलाबी झालं होतं. मावसा काठावर एकटेच उभे होते. मोटार थांबवून आलेल्या एका कुटुंबानं त्यांना तळ्याची गोष्ट विचारली, तर "ठावं न्हाई" म्हणून मोकळे झाले. ते लोक गेले तसे मावसांनी चपला काढल्या, डोळे मिटले आणि पाण्याला हात जोडले. ओठ हलत होते. मावशी म्हणाली होती की लेक तोडीला गेल्यापासून हे रोजचंच आहे. मला राहवलं नाही.

"मावसा, ती गोष्ट तर तुमचीच ना?"

त्यांनी डोळे उघडले नाहीत. हळूच म्हणाले, "माझीच हाय की. पर लेक बी माझीच हाय."